शिंत्र्यांच्या घरावरचा बल्ब

“लाव!” घाटगे सरांनी शिट्टी फुंकली.

मिलिंदने मेन स्विच चालू केला आणि आमची सगळी कॉलनी आमच्या पायाशी उजळली. खडूने आखलेल्या गल्ल्या, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ आणि बुटांच्या खोक्यांची घरं. ज्या घरात चोरी झालेली, त्या खोक्याच्या झाकणावर झीरोचा लाल बल्ब.

“अगंबाई, कॉलनीला गोवर आल्यासारखा दिसतोय,” माझी आई म्हणाली.

खूप वर्षं झाली याला. मिरजेत गणपती बसायला एक दिवस उरला होता आणि आमचा देखावा तयार होता. बाकीची मंडळं राक्षसांची पोटं फाडण्यात दंग होती. आमचे अध्यक्ष घाटगे सर हायस्कुलात कवायत शिकवायचे. त्यांना देखाव्यातसुद्धा शिस्त लागायची. त्या वर्षी कॉलनीत चोऱ्यांचा नुसता सुकाळ झाला होता. माणसं कामावर गेली की भरदिवसा मागच्या दारानं कुणीतरी यायचं आणि समई, घंगाळ, तांब्या, कधी टेपरेकॉर्डर उचलून न्यायचं. सरांचं म्हणणं होतं, “चोऱ्या कुठं होतात ते डोळ्यांना दिसलं की माणूस आपोआप कडी लावतो. काय समजलं?”

मी तेव्हा भूगोलात एम. ए. करत होते, म्हणून नकाशा माझ्या गळ्यात पडला. मी घरोघर हिंडले. प्रत्येकाकडून एक बुटाचं खोकं मागून घेतलं आणि काय काय चोरीला गेलं ते विचारून घेतलं. खोकी ज्याच्या त्याच्या घराच्या रंगात रंगवली आणि प्रत्येक दारावर घरातल्यांची नावं लिहिली. देखाव्याचं निवेदनही मीच करणार होते. माइक धरायचा आणि एकेका बल्बाकडे काठी दाखवत सांगायचं, इथे हे गेलं, तिथे ते गेलं, बंधू-भगिनींनो, सावध राहा. पोलिसांकडून दर वर्षी चांगल्या देखाव्याला ढाल मिळायची. सरांनी त्या ढालीसाठी आपल्या दिवाणखान्यात खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

वायरिंग मिलिंद शिंत्र्याचं. त्याने एक हुशारी केली होती. पुढेमागे कुणाकडे चोरी झाली तर परत वायर ओढायला नको, म्हणून झाडून सगळ्या खोक्यांवर होल्डर बसवून टाकले होते. चोरी झाली की नुसता बल्ब अडकवायचा.

मी बल्ब एकेक करून तपासत होते.

“मिलिंद, जोगळेकरांच्या घरावर कशाला लावलास रे? त्यांच्याकडे कुठे चोरी झालीय?”

“लावलाय?” तो देखाव्याभोवतीच्या दोरीवरून वाकून बघायला लागला. “चुकून लागला गं.”

“मी यादी दिली होती की तुला.”

“यादी कशाला लागते? मला सगळं पाठ आहे.”

दोरी ओलांडून तो आत गेला आणि पेटलेला बल्ब तसाच उपसला. चटका बसला तसा “हाय हाय” करत तो या हातातून त्या हातात झेलत नाचला. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले. मिलिंद मला आवडायचा. आता त्यात लाजण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून सांगून टाकते. कुणाचा फ्यूज गेला, कुणाचं सिलिंडर चढवायचं आहे, की हाक मिलिंदला. कॉलनीतलं प्रत्येक घर त्याला आतून माहीत होतं.

त्याची आई, शिंत्रेकाकू, आमच्या शेजारीच राहायच्या. काका नोकरीला रत्नागिरीला, महिन्यातून एकदा यायचे. काकूंचं बोलणं बेताचं आणि हात मात्र सतत कशात तरी. रोज दुपारी मंडपात कुणी नसताना त्या दोरीच्या आत जाऊन माझ्या खोट्या कॉलनीत रांगोळी घालायच्या. गल्लीच्या कडेनं ठिपके, आणि प्रत्येक खोक्यासमोर बोटभर स्वस्तिक. “आपलीच घरं आहेत ना?” असं म्हणायच्या.

गणपती बसले. पहिल्याच संध्याकाळी तुफान गर्दी झाली. जो तो आधी आपलं घर शोधायचा, मग शेजाऱ्याच्या बल्बाकडे बघून हळहळायचा. दोन-तीन बायका तर रुसल्या. आमचंही घंगाळ गेलं होतं, पोलिसांत सांगितलं नाही म्हणून काय झालं, आमचा बल्ब का नाही? मिलिंद पळत पळत बल्ब लावत होता.

गर्दी ओसरल्यावर एक माणूस दोरीपाशी उभा राहिला. सुदाम. गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करायचा, सायकलवरून ओरडत फिरायचा. लातूरकडून वर्षभरापूर्वी आलेला. घाटगे सरांच्या परसात पत्र्याची एक खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको चंद्रकला भाड्याने राहायचे. चंद्रकलेचे दिवस भरत आले होते.

“ताई, माजी खोली दिसंना की ह्याच्यात.”

“ती सरांच्या घरातच धरलीय, सुदामभाऊ. वेगळं खोकं नाही केलं.”

“आसं व्हय.” त्याने सरांचं खोकं निरखून बघितलं. “न्हाई म्हंजे, माजा बी डबा गेलाय. पितळंचे पार्ट व्हते त्यात. समदे. बल्ब लावायचा आसला तर लावा माजा बी.”

त्याला मनापासून तो बल्ब हवा होता. मी सरांना विचारते म्हणाले. सरांना विचारलं तर ते हसले. “त्याचं काय जाणार? ज्याचं घरच नाही त्याच्या घरावर बल्ब कुठं लावणार?” आणि मग ते हसायचे थांबले. नकाशाकडे बघत राहिले.

“वासंती, इकडं ये. हे बल्ब बघ. मधोमध कुणाचं घर येतं?”

“तुमचं, सर.”

“माझं. सगळीकडून लाल आणि मधे मी. माझ्या घरात मी आहे, माझी मिसेस आहे, आणि मागं तो आहे. आम्ही दोघं तर चोर नाही. काय समजलं?”

काय समजायचं तेच मला समजेना. नकाशा माझा, बल्ब माझ्या माहितीवर लावलेले, आणि त्यातून सरांनी काढलेली गोष्ट बरोबर की चूक, हे सांगता येईल असं विद्यापीठानं मला काही शिकवलं नव्हतं. सरांच्या घराभोवती बल्ब जास्त होते हे खरं होतं. सुदाम प्रत्येक स्वयंपाकघरात जायचा हेही खरं होतं. पण डबा गेला म्हणून सांगताना त्याचा चेहरा कसा होता तेही मी बघितलं होतं.

दोन दिवसांत ती कुजबुज कॉलनीभर झाली. बायका सुदामची हाक आली की दार लावून घ्यायला लागल्या. त्याला वाटलं सणाच्या गडबडीत असतील. सरांनी ठरवून टाकलं होतं. पोलिसांचे फौजदार देखावा बघायला यायचे होते, त्याच दिवशी सुदामला त्यांच्या हवाली करायचं आणि खोली रिकामी करून घ्यायची.

“आणि त्याची बायको, सर? तिचा आठवा-नववा असेल.”

“तिला तिच्या माहेरी पोचवू आपण. मंडळाच्या खर्चानं,” सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. चुकीच्या गोष्टीसुद्धा तो टापटिपीनं करायचा.

गौरी गेल्यानंतर जोगळेकर मंडळी पुण्याहून परतली. आठ-दहा दिवस दिराकडे होती सगळी. तासाभरात जोगळेकर वहिनींचा आरडाओरडा ऐकू आला. स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज वाकवलेला आणि देव्हाऱ्यातली पितळेची सगळी भांडी गायब. गणपतीच्या आधीच कधीतरी झालं असणार, कारण देव्हाऱ्यावर धूळ बसली होती.

दुपारी मी मंडपात काकूंना रांगोळी भरू लागत होते. मनात आलं तसं बोलून गेले.

“काकू, गंमत बघा हं. मिलिंदने पहिल्या दिवशी जोगळेकरांवर चुकून बल्ब लावला होता. मीच काढायला लावला. आणि तिथे खरंच चोरी झालेली निघाली. तेव्हा तर कुणालाच माहीत नव्हतं. कसा योगायोग असतो एकेक!”

काकूंच्या चिमटीतून रांगोळी सुटत होती, ती सुटतच राहिली. स्वस्तिकाच्या जागी पांढरा ढीग झाला.

“काकू, अहो, रांगोळी.”

“हो गं.” त्यांनी ढीग पुसला. परत घातलं तेही वाकडं आलं. “कधी म्हणालीस लावला होता?”

“बसायच्या आदल्या दिवशी. ट्रायल घेतली तेव्हा.”

“चुकून लावला.”

“घाईत. यादी न बघता लावले ना त्याने सगळे.”

काकू उठल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या, राहिलेल्या घरांसमोर तू घाल म्हणाल्या, आणि गेल्या. त्या दुपारी मी सगळ्या घरांपुढे स्वस्तिकं काढली आणि आपली स्वस्तिकं काकूंसारखी का येत नाहीत याचा विचार करत बसले. इतकी मी मठ्ठ होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी शिट्टी मारली, मिलिंदने स्विच चालू केला, आणि शिंत्र्यांच्या घरावर बल्ब पेटला.

मी निवेदन करत काठी फिरवत होते. काठी तिथे आली आणि अडली. त्या घरासाठी माझ्याकडे वाक्यच नव्हतं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “ह्यांचं काय गेलं?” मी तशीच पुढच्या घराकडे गेले.

“काकूंकडे चोरी झाली?” खेळ संपल्यावर मी मिलिंदला विचारलं.

“छे.” त्याने बल्ब काढला. “कुणीतरी चावटपणा केलाय.”

“कुणी?”

“मला काय माहीत?” तो माझ्यावर खेकसला. मिलिंद आणि खेकसणं! मी त्याचं काय केलं होतं?

त्यानंतरच्या संध्याकाळी बल्ब परत तिथेच. पुन्हा काढला, पुन्हा पेटला. सरांना वाटलं पलीकडच्या मंडळाचा कट आहे. त्यांनी दुपारच्या पाळ्या लावल्या. पाळीवरची पोरं सांगायची, कुणी आलं नाही, फक्त काकू रांगोळी घालून गेल्या. काकूंना कोण मोजतंय? देवापुढच्या माणसांत त्यांची गणती, येणाऱ्या-जाणाऱ्यांत नव्हती. वायरिंगचा दोष म्हणावा तर बल्ब हवेतून थोडाच येतो? कुणी कुणी हात जोडून म्हणायला लागलं की गणपतीच दाखवतोय. मला तर रात्री झोपताना डोळ्यांपुढे तो बल्ब यायचा.

मग सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो नेमका उलट्या बाजूने पडला.

“काकूंकडं चोरी झालीय,” ते म्हणाले. “कुणाला तरी ते माहीत आहे, आणि तो बल्ब लावतोय. बाई मात्र सांगत नाहीत.”

ते, मी आणि माझी आई काकूंकडे गेलो. काकू दारातच उभ्या राहिल्या.

“वहिनी, काय गेलं तुमचं?” सरांनी विचारलं.

“काही नाही गेलं.”

“दागिना गेलाय का? रत्नागिरीला कळवलं नाही का अजून?”

“काही गेलं नाही, सर. देवाशपथ.”

“बरं, एक सांगा. तो सुदाम आला होता ना तुमच्याकडं? कुकरचा व्हॉल्व बसवायला?”

काकूंनी मान वर केली. “त्याचं काय?”

“काही नाही, काही नाही.” सरांनी आमच्याकडे अर्थपूर्ण बघितलं. फाटकाबाहेर आल्यावर दबक्या आवाजात म्हणाले, “भ्यायल्यात. शिंत्रे रत्नागिरीला, पोरगा दिवसभर बाहेर, मागची भिंत त्याच्या खोलीला लागून. सांगतील कशा? आता मात्र पक्कं झालं.”

म्हणजे तो बल्बही सुदामच्याच खात्यावर गेला.

दुपारी मी काकूंना मंडपात एकटं गाठलं. त्या रांगोळी घालत नव्हत्या. आपल्याच घराच्या खोक्यासमोर पाय दुमडून बसल्या होत्या.

“काकू, खरं सांगा ना. सुदामने काही नेलं का तुमचं?”

“वेडी आहेस का? कुकरच्या रबराचा कापलेला तुकडासुद्धा उचलून ओट्यावर ठेवून जाणारा माणूस तो.”

“मग बल्ब कोण लावतंय?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रडून त्यांचे डोळे सुजले होते, आणि मला वाटलं, जागरणाने असेल.

“वासंती, तू एवढी शिकलीस. हे सगळं तूच मांडलंस. लाल बल्ब म्हणजे काय गं?”

“चोरी झालेलं घर.”

“एवढंच?”

“एवढंच की. दुसरं काय असणार?”

“दुसरं काही कुणाच्या मनातसुद्धा येत नाही ना?”

“म्हणजे काय, काकू?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “सर काय करणार आहेत सुदामचं?”

मी सांगितलं. फौजदार, हवाली, खोली रिकामी, माहेर. काकू ऐकत होत्या आणि पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या. पीळ घालून घालून टोक दोरीसारखं झालं. मग त्या म्हणाल्या, “पोरगी अवघडलेली आहे. तिला आई नाही. माहेरी काय भिंतींपाशी पोचवणार आहेत?” एवढं म्हणून त्या निघून गेल्या, आणि मी काठी, माइक आणि एम. ए. घेऊन तिथेच बसून राहिले.

फौजदार आले त्या संध्याकाळी मंडप दणदणीत भरला होता. पुढे खुर्च्या, मधल्या खुर्चीत फौजदार, शेजारी हवालदार. आणि पहिल्याच रांगेत सुदाम. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. बायकोलाही घेऊन आलेला. मला बघून तो उठून आला.

“ताई, सरांनी सोता बलवलंय. म्हनले, आज ये, तुजं बी बगू.” त्याचा चेहरा नुसता फुलला होता. “तुमी सांगितलं म्हनून झालं.”

सरांकडे बघितलं, तर ते शिट्टी ओठांत धरून छताकडे बघत होते. सुदामला उठवून घरी पाठवावं असं वाटलं. पण पाठवून काय, सकाळी जीप दारात गेली असती. तेवढ्यात शिट्टी झाली.

मी निवेदन सुरू केलं. माझाच आवाज मला कर्ण्यातून परका वाटत होता. समई, घंगाळ, टेपरेकॉर्डर, जोगळेकरांचा देव्हारा. फौजदार मान डोलावत होते. काठी शिंत्र्यांच्या घरावर आली. बल्ब पेटलेला होताच. त्या दिवशी मिलिंदने तो काढलासुद्धा नव्हता. स्विचबोर्डापाशी तो भिंतीला टेकून उभा होता.

“हे कुणाचं घर? इथं काय गेलं?” फौजदारांनी विचारलं.

सर खुर्चीतून उठले.

“साहेब, इथलंही गेलंय. पण बाई भीतीनं सांगत नाहीत. आणि भीती कुणाची, ते तुमच्याच रांगेत बसलंय.” त्यांनी सुदामकडे बोट केलं. “सगळ्या घरांत ह्याची ये-जा. सगळे बल्ब ह्याच्या खोलीभोवती. नकाशाच बोलतोय, साहेब.”

सुदामने आधी मागे वळून बघितलं. कुणाबद्दल बोलतायत ते त्याला कळलंच नाही. हवालदाराने दंड धरला तेव्हा कळलं.

“सर, म्या तर बल्बासाठी आलतो,” तो म्हणाला.

गर्दीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं धरा, कुणी म्हणालं बघितलं का चोर कसा नटून आलाय. चंद्रकला खुर्चीच्या पाठीला धरून उठायचा प्रयत्न करत होती आणि तिला उठता येत नव्हतं. माझी काठी अजून शिंत्र्यांच्या घरावर होती. ती खाली घ्यायचंही मला सुचलं नाही.

तेवढ्यात काकू दोरी ओलांडून आत आल्या.

रोजच्या सवयीने आल्यासारख्या आल्या. गल्लीच्या कडेकडेनं, ठिपक्यांवर पाय पडू न देता. पहिल्या पेटलेल्या घरापाशी वाकल्या, हाताला पदर गुंडाळला, बल्ब दाबून फिरवला आणि काढला. तो पदराच्या ओच्यात टाकला. मग दुसरा.

“वहिनी, अहो काय करताय?” सर ओरडले. शिट्टी त्यांच्या हातात राहिली.

काकूंनी बघितलंही नाही. देव्हाऱ्याचं घर, घंगाळाचं घर, टेपरेकॉर्डरचं घर. एकेक बल्ब निघत होता, ओच्यातल्या बल्बांवर टकटक वाजत होता आणि तेवढा तेवढा मंडप अंधारत होता. गलका आपोआप थांबला. फौजदार खुर्चीच्या कडेला सरकून बघत होते. पाण्याच्या टाकीकडची गल्ली विझली, देवळाकडची विझली, शेवटी सरांच्या घरामागची विझली. सगळ्या कॉलनीत एकच बल्ब राहिला. तो त्यांनी काढला नाही. त्याच्यासमोर त्या ओचा सावरून उभ्या राहिल्या. लाल उजेड त्यांच्या पायांवर पडला होता.

“वासंती, वाच,” त्या म्हणाल्या.

“काय वाचू, काकू? तुमचं काय गेलं तेच मला माहीत नाही.”

“काय गेलं ते नको. कोण राहतं ते वाच.”

मी माइक तोंडाशी नेला. अजूनही मला कळलेलं नव्हतं. सांगितलं म्हणून शाळेत पुस्तक वाचतात तसं मी वाचायला लागले. “हे घर शिंत्रे यांचं. इथे राहतात... श्रीपाद शिंत्रे. नोकरीनिमित्त रत्नागिरीला असतात.”

“पुढं.”

“सुमन शिंत्रे.”

“पुढं वाच.”

आणि तिथे मला कळलं. जोगळेकरांच्या घरावर ‘चुकून’ लागलेला बल्ब. मला सगळं पाठ आहे. स्वस्तिकाच्या जागी झालेला पांढरा ढीग. सगळं एकदम कळलं आणि पुढचं नाव मी वाचलं नाही. कर्ण्यातून नुसता माझा श्वास सगळ्या कॉलनीला ऐकू जात होता. मला रडू येत होतं, आणि ते काकूंसाठी येत होतं की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

काकूंनी थोडा वेळ माझी वाट बघितली. मग माइककडे न येता, होत्या तिथूनच म्हणाल्या, “मिलिंद.”

फौजदार उठून उभे राहिले.

“दुपारी मी देवळात जायची तेव्हा तो माल घेऊन भिंतीवरून घरात यायचा,” त्या म्हणाल्या. “जोगळेकरांचं कळलं त्या दुपारी मी माळ्यावर बघितलं. पोतं आहे. आहे ते सगळं त्यात आहे. सुदामचा डबाही आहे. रोज बल्ब लावत होते, म्हटलं कुणीतरी ओळखेल, मला बोलावं लागणार नाही. आता त्याचा हात सोडा.”

हवालदाराने फौजदारांकडे बघितलं. फौजदारांनी मान हलवली. सुदामचा दंड सुटला, पण तो तसाच हात पुढे धरून उभा होता.

मी स्विचबोर्डाकडे बघितलं. मिलिंद पळाला नव्हता. मेन स्विच त्याच्या खांद्याशी होता. तो एक खटका खाली ओढला असता तर सगळं काळोखात गेलं असतं, आणि मागच्या कनातीतून बाहेर पडायला त्याला पुष्कळ वाट होती. त्याचा हात स्विचवर गेला. काकू त्याच्याकडेच बघत होत्या. ओच्यात सगळ्या कॉलनीचे बल्ब धरून त्या उभ्या होत्या आणि त्याला थांबही म्हणत नव्हत्या, पळही म्हणत नव्हत्या.

त्याने हात काढून घेतला. शिंत्र्यांच्या घरावरचा बल्ब पेटलेलाच राहिला.